धामापूर गाडी उशिरा सुटेल

मालवणला बदली झाली तेव्हा मला दोन गोष्टींची धास्ती होती, सुक्या मासळीचा वास आणि कुत्री. वासाचं आठवड्याभरात जमून गेलं. कुत्र्यांचं मात्र पहिल्याच सकाळपासून सुरू झालं.

भाड्याच्या खोलीत मला जाग आली ती थेट बसस्टँडवर झोपल्यासारखी. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या,’ कोणीतरी नाकातून खणखणीत बोलत होतं, ‘शिरोड्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे.’ बँकेतल्या शिपायानं ही खोली मला ‘एकदम शांत जागा’ म्हणून मिळवून दिली होती. मी खिडकी उघडली. मागच्या अंगणात घरमालक खाकी पँट आणि बनियनवर उभे होते, तोंडाला पत्र्याचा कर्णा लावून. समोर गडग्याला, म्हणजे चिऱ्याच्या बुटक्या कुंपणाला, लागून गोणपाटं अंथरलेली, आणि प्रत्येक गोणपाटावर एकेक कुत्रा ताटकळत बसलेला. घोषणा झाली की त्यातला एक उठायचा, शेपटी हलवत पुढे यायचा आणि आपल्या थाळीतली पेज चाटायला लागायचा. बाकीचे जागचे हलत नव्हते. मी आयुष्यात इतकी शिस्तीची रांग कुठल्याच स्टँडवर पाहिलेली नव्हती.

घरमालक एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले होते. सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं, बायकोसुद्धा. जन्मभर त्यांनी माइकवरून गाड्या लावल्या आणि सोडल्या, आणि निवृत्त झाल्यावर तो आवाज घेऊन करायचं काय, हा प्रश्न पडला. मग रस्त्यावर गाडीखाली सापडलेली, पर्यटकांनी किनाऱ्यावर सोडून दिलेली, खरजेनं सोललेली कुत्री ते घरी आणायला लागले. बरी करायची, माणसात बसवायची आणि कोणीतरी चांगलं घर बघून पाठवून द्यायची. प्रत्येक कुत्र्याला तो जिथे सापडला त्या गावाचं नाव. शिरोडा, आचरा, देवबाग, कट्टा.

या पद्धतीनं घरात जे संवाद व्हायचे ते ऐकून नवखा माणूस पळून जाईल. ‘आचऱ्याक जुलाब झाले हत.’ ‘शिरोड्यान देवबागाक चावल्यान.’ एकदा आमच्या बँकेतले शिरोड्याचे एक गृहस्थ माझ्याकडे चहाला आले होते. कंट्रोलर बाहेर फोनवर डॉक्टरांना सांगत होते, ‘शिरोड्याक खरूज झाली हा हो, सगळो सुजलो हा, आणि वास तर इचारू नको!’ गृहस्थांनी कप खाली ठेवला. मी बाहेर नेऊन त्यांना साक्षात शिरोडा दाखवला, तरी त्यांचं समाधान झालं नाही. ‘गावाक काय नाव रवला नाय का दुसरा?’ असं म्हणत ते गेले, ते पुन्हा आले नाहीत.

आचरा ठार बहिरा होता. तरी त्याचीही घोषणा अगदी साग्रसंगीत व्हायची. मी म्हटलं, ‘अहो, त्याला ऐकूच येत नाही.’ कंट्रोलर माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत म्हणाले, ‘मॅडम, घोषणा ऐकणाऱ्यासाठी नसता. घोषणा गाडयेसाठी असता.’   आचरा मात्र थाळी समोर आली की निमूटपणे खायचा. सगळ्या अंगणात तेवढ्या एकालाच जेवायला घोषणा लागत नसे.

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. ‘हो स्टँड आसा. घर न्हय. स्टँडार गाडी येता, लागता, सुटता. रवत कोण नाय.’ एकही कुत्रा त्यांनी स्वतःचा म्हणून ठेवला नव्हता. कुत्रा जाताना डोळ्यांत पाणी काढणं त्यांना मंजूर नव्हतं. कर्णा तोंडाला लावायचा, ‘देवबाग गाडी कोल्हापूरकडे सुटत आहे, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं,’ एवढं म्हणायचं आणि पाठ फिरवायची. घरात बोलायचं ते मालवणीत, आणि मनातलं काही बोलायची वेळ आली की कर्णा घेऊन शुद्ध मराठीत. काकी, म्हणजे त्यांची बायको, तापानं पडली होती तेव्हा त्यांनी पडवीत उभं राहून ‘स्वयंपाकघरातील सेवा काही काळ बंद राहील, प्रवाशांनी नोंद घ्यावी,’ अशी घोषणा केली होती. काळजी म्हणतात ती हीच, हे कळायला मला वर्ष लागलं.

काकीची तक्रार निराळी होती. ती पेज ढवळता ढवळता मला म्हणायची, ‘लगीन झाल्यापासून ह्येंनी माका एकदा नावान हाक मारूक नाय गो. अगे, ऐकलंस, खंय आसस, बस. खरजेच्या कुत्र्याक नाव आसा, माका नाय.’

‘तुम्ही तरी त्यांना कुठे नावानं हाक मारता?’ मी विचारायची.

‘तेंका कंट्रोलर म्हणतंय मगो! पद आसा तेंका. माका पद तरी खंय आसा?’

कुत्रा न्यायला आलेल्या माणसांची परीक्षा हा तर पाहण्यासारखा सोहळा. घराला कुंपण आहे का, कुत्रा कुठे झोपेल, हे प्रश्न काकी विचारायची. कंट्रोलर फक्त आवाज तपासायचे. त्यांची कुत्री घोषणा झाल्याशिवाय अन्नाला तोंड लावत नाहीत, तेव्हा नेणाऱ्याला घोषणा यायलाच हवी, असा हिशेब. ही सवय तुम्हीच लावलीत, असं त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. एकदा पुण्याहून एक जोडपं आलं, फार सज्जन. त्यातल्या नवऱ्यानं कर्णा हातात घेतला आणि संकोचून म्हणाला, ‘कट्टा, बाळा, जेवायचं का रे?’

कंट्रोलरांनी कर्णा काढून घेतला. ‘इचारतत कित्याक? गाडी लागल्यावर प्रवाशाक इचारतत, बसतंस काय रे बाळा?’

बायकोनं कर्णा घेतला आणि अशी काही घोषणा ठोकली, की शेजारच्या वाडीतला एक म्हातारा छत्री घेऊन गडग्यापाशी आला आणि ‘कट्टा गाडी हयसून सुटता काय आता?’ असं विचारायला लागला. बाई उत्तीर्ण. नवऱ्याला कंट्रोलरांनी बजावलं, ‘कुत्र्याक जेवण ह्येंच्या आवाजात. तुमी नुसतो फिरवा.’

अशा या स्टँडवर धामापूर आला. धामापूरच्या तळ्याच्या पायऱ्यांवर कोणीतरी दोरीसकट सोडून गेलेला, म्हातारा, एक कान अर्धा तुटलेला. चेहरा असा, की सगळ्या जगानं त्याच्याकडून उसनं घेऊन बुडवलं आहे. माणूस जवळ आला की तोंड भिंतीकडे करून बसायचा. त्याला गोणपाट दिलं होतं, पण तो तिथे कधी बसला नाही. कंट्रोलर संध्याकाळी ज्या खुर्चीत बसत त्या खुर्चीखाली तो जाऊन बसला आणि ती जागा त्याची झाली. कंट्रोलर पाय लांब करताना आधी चाचपून बघायचे, आणि मग तळवे त्याच्या पाठीवर ठेवायचे. धामापूरची आणखी एक खोड होती. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या’ म्हटल्यावर घोषणेत जी क्षणभर थांबायची जागा असते, तिथे तो मान वर करून एक लांब हेल काढायचा. दुसऱ्या कोणी मध्ये तोंड घातलं असतं तर शिट्टी वाजली असती. धामापूरसाठी कंट्रोलर थांबायचे.

त्याला न्यायला कोणी तयार होत नव्हतं. पिल्लं बघायला लोक यायचे, याला बघून ‘ह्यो काय आजारी आसा?’ विचारायचे. पावसाळा गेला, थंडी गेली. ‘धामापूरचा काय?’ असं कोणी विचारलं की कंट्रोलर ‘प्रवासी नाय’ एवढंच म्हणायचे, आणि मला वाटतं, ते म्हणताना त्यांना बरं वाटायचं.

मग कुडाळहून एक निवृत्त नर्सबाई आल्या. एकट्या राहणाऱ्या, अतिशय हळू बोलणाऱ्या. पिल्लांकडे त्यांनी पाहिलंही नाही. खुर्चीपाशी जमिनीवर बसल्या आणि धामापूरनं तोंड भिंतीकडे फिरवलं तरी बसून राहिल्या. म्हणाल्या, ‘ह्योच माका होयो. ह्यो माझ्यासारखोच, कोणाच्या वाटेक जाणारो नाय.’

बाईंचा आवाज शेजारी बसलेल्यालाही कान देऊन ऐकावा लागायचा. कर्ण्यातून तर फुंकर आली असती. काकीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं, की आता नापास. पण कंट्रोलरांनी कर्णा खुंटीवरून काढलाच नाही. ‘न्या,’ म्हणाले, आणि माडाखाली जाऊन उभे राहिले. बाई भाच्याच्या गाडीतून धामापूरला घेऊन गेल्या. त्या दिवशी सुटल्याची घोषणा झाली नाही.

‘आवाज तपासूक नाय तुमी,’ काकी म्हणाली.

‘गाडयेक उशीर झालेलो,’ ते म्हणाले.

त्यानंतर त्यांचं तंत्र बिघडलं. ‘कृपया लक्ष द्या’ म्हटल्यावर ते थांबायचे, आणि हेल येत नसे, तरी पुढे बोलायचं नाव घेत नसत. बाकीची कुत्री बिचारी ताटकळायची. संध्याकाळी खुर्चीत बसले की पाय खाली न टेकवता मांडी घालून बसायचे. मी आपली खिडकीतून बघायची आणि मला वाईट वाटायचं. कुत्र्यांना घाबरणारी मी त्या तुटक्या कानाला शोधायला लागले होते.

पुढच्या रविवारी सकाळी बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या, म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकू आलं. धामापूर गेल्यापासून धड जेवला नव्हता, नुसतं पाणी पीत होता. आणि काल फाटक उघडं मिळाल्यावर जो गेला तो आलाच नाही. गल्लीबोळ पालथे घातले, सापडला नाही.

 कंट्रोलरांनी सदरा चढवला, शिट्टी खिशात घातली आणि ते निघाले. काकीनं पेजेत सुकट कालवून डबा भरला आणि तीही निघाली. मी मागाहून धावले. मला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी नको म्हटलं नाही.

कुडाळ स्टँडवर उतरलो तेव्हा बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांच्या घरापासून स्टँड हाकेवर, आणि रसवंतीवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, की असा एक कुत्रा कालपासून मध्येच कुठून तरी येतो, कर्ण्याच्या खांबाखाली बसतो, आणि घोषणा संपली की निघून जातो. एकदा लोक धरायला गेले तर निसटून गाड्यांच्या चाकांमधून पळाला. कंट्रोलरांनी डोळे मिटून घेतले. दर थोड्या वेळानं बाईंच्या घरात स्टँडवरची घोषणा ऐकू जात असणार आणि तो थाळीकडे नाही, दाराकडे बघत असणार. जेवायची हाक दुसरीकडून येत होती.

नियंत्रकाच्या खोलीत त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक गृहस्थ बसले होते. ते आदरानं उठून उभे राहिले, एवढ्यात कंट्रोलरांनी माइकचा ताबा घेतला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या.’ कर्ण्यातून तो नाकातला आवाज सगळ्या स्टँडवर घुमला. मग ते थांबले.

कॅन्टीनच्या मागून एक लांब हेल आला.

‘धामापूरमार्गे मालवणला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे!’  धामापूर हाडं मोजावीत असा झालेला, पण दुडक्या चालीनं आला, खांबाखाली बसला आणि वर कर्ण्याकडे टक लावून बघायला लागला. त्याच वेळी धामापूर, काळसे, नेरूर इकडचे प्रवासी पिशव्या उचलून तीन नंबरकडे धावले. तिथे गाडी नव्हती.

कंट्रोलर माइक सोडून दाराकडे वळले, तसा धामापूर उठला. आवाज थांबला म्हणजे गाडी गेली, हे त्याला याच माणसानं शिकवलेलं. कंट्रोलर परत माइकवर झेपावले. ‘प्रवाशांनी पाकीटमारांपासून सावध राहावे!’ धामापूर बसला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. बाहेर जावं तर कुत्रा पळणार, आणि आत राहावं तर त्याला धरणार कोण? ‘मॅडम, तुमी जावा,’ त्यांनी हातानं माइक झाकून मला सांगितलं, आणि लगेच ‘स्थानकाचा परिसर स्वच्छ ठेवावा!’

मी, बाई आणि काकी तीन बाजूंनी सरकायला लागलो. धामापूर कर्ण्यावरची नजर काढत नव्हता, पण कोणी जवळ आलं की अंग चोरून उठायच्या बेतात यायचा. इकडे कंट्रोलरांजवळच्या घोषणा संपत चालल्या. विनातिकीट प्रवास झाला, बेवारस वस्तू झाली, खिडकीबाहेर हात काढू नये झालं. ‘विजयदुर्ग,’ ते म्हणाले, ‘सावंतवाडी... पणजी...’ आणि मग जिल्हाच संपला.

क्षणभर कर्ण्यातून नुसता श्वास ऐकू आला. धामापूर उठला. तेव्हा, माइकवर जन्मात जे केलं नाही ते त्यांनी केलं. ते मालवणीत बोलायला लागले.

‘धामापुरा, अरे मेल्या, जेवक नाय म्हणतत तू. कित्याक रे? बाईन किती मायेन वाढल्यान तुका. तिची काय चूक नाय. आवाज मीच तपासूक नाय. तपासलो असतो तर बाई नापास झाली असती, आणि लोक म्हटले असते, कंट्रोलराचो जीव अडाकलो कुत्र्यात. म्हणान पाठवलंय तुका. अडाकलो तर अडाकलो! खुर्चीखाली तू नाय, तर पाय खंय ठेवू मी? रवल्यात तसेच पाय. रातदीस मांडी घालून बसतंय.’  कंडक्टर गाड्यांच्या दारात लटकून ऐकत होते. ‘हो स्टँड आसा, घर न्हय, ता मी आपला लोकांक सांगतंय. तू कित्याक ऐकलंस? घराक चल रे बाबा. सुलोचना, डबो उघड.’

काकी जागच्या जागी थिजली. डबा हातात, झाकणावर बोटं, आणि तोंड उघडं. मी म्हटलं, ‘काकी, डबा! डबा उघडा!’ तिला ऐकूच जाईना. ‘माका हाक मारल्यान,’ ती मला सांगत होती, ‘ऐकलंस गो? माइकार मारल्यान!’ शेवटी डबा मी उघडला. सुकटीचा वास सुटला, धामापूरनं कर्ण्यावरून नजर काढून डब्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मी, जिनं आजवर कुत्र्याला काठीच्या टोकानंही शिवलं नव्हतं, त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून फतकल मारून बसले. तो थरथरत होता. 

कंट्रोलर धावत बाहेर आले. धामापूरनं त्यांच्याकडे पाहिलं, वर कर्ण्याकडे पाहिलं, पुन्हा त्यांच्याकडे, आणि त्यांच्यावरच भुंकला. आवाज तिथे आणि माणूस इथे, हे त्याला पटेना. तेव्हा ते गुडघ्यांवर बसून अगदी हळू म्हणाले, ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्या.’ आणि थांबले. धामापूरनं मान वर केली आणि माझ्या कानापाशी असा हेल काढला, की तो कान मला दिवसभर बंद होता. मग त्यानं डबा साफ केला.

फलाट तीनवरची एक आजीबाई नारळाची पिशवी घेऊन आमच्यापाशी आली. ‘कुत्र्याचा झाला बरा. आता आमची गाडी खंय आसा ता सांग!’

नर्सबाईंनी दोरी कंट्रोलरांच्या हातात दिली. ‘तुमच्यासारखो आवाज माका या जन्मात जमाचो नाय,’ त्या म्हणाल्या, आणि कंट्रोलरांना त्यांच्याकडे बघवेना. रिकाम्या हातानं परत निघालेल्या त्या बाईंना पाहून मलाही भरून आलं. पण त्याच आठवड्यात कंट्रोलरांनी स्वतः नेऊन बहिरा आचरा बाईंच्या ओसरीवर सोडला. तो थाळी दिसली की जेवतो. बाई त्याच्याशी दिवसभर हळू आवाजात बोलतात, आणि दोघांची एकमेकांबद्दल काही तक्रार नाही.

परतीच्या गाडीत धामापूर कंट्रोलरांच्या पायांखाली होता. काकी खिडकीबाहेर बघत बसली होती. धामापूरचं तळं मागे गेल्यावर ती एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, ‘नाव म्हायत होता तर तेंका!’ आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, ते मालवण येईपर्यंत.

घरी आल्यावर तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘काय हो, स्टँडार रवत कोण नाय ना?’

‘रातच्या वस्तीची गाडी रवता,’ ते खुर्चीत बसत म्हणाले. ‘सकाळी सुटात.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. कंट्रोलरांनी कर्णा उचलला, लक्ष द्या म्हणाले, थांबले, हेल आला. मग अगदी शुद्ध मराठीत घोषणा झाली, ‘धामापूरला जाणारी वस्तीची गाडी काही तांत्रिक कारणास्तव उशिरा सुटेल. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ खुर्चीखाली तांत्रिक कारण पेज चाटत होतं. ही घोषणा मी तिथे होते तोवर रोज झाली.

माझी बदली झाली त्या सकाळी माझ्यासाठीही कर्णा निघाला. ‘मॅडमांची गाडी सुटत आहे,’ एवढं म्हणून ते थांबले, आणि पाठ फिरवायला विसरले.

आता सांगलीला असते. कधी फार एकटं वाटलं की सकाळच्या वेळी मालवणला फोन लावते. काकी उचलते. ख्यालीखुशाली नंतर, आधी मी विचारते, ‘काकी, धामापूर सुटली का?’

‘नाय गो,’ ती म्हणते, ‘थांब, ऐक,’ आणि फोन दाराबाहेर धरते. कंट्रोलर लक्ष द्या म्हणून थांबलेले असतात, आणि हल्ली त्यांना पूर्वीपेक्षा जास्त वेळ थांबावं लागतं. मीही फोन कानाला लावून श्वास रोखून थांबते. मग हेल येतो, बारीक, म्हातारा, पण येतो. आणि धामापूर गाडी आजही उशिरा सुटणार असल्याचं जाहीर होतं.